केसांचे आरोग्य आणि शाकाहारी ताट : प्रश्नाचा धागा साठवणीपर्यंत

गावोगावच्या महिला बचत गटांच्या बैठकांत पिके, कर्ज, मुलांचे शिक्षण अशा विषयांच्या बरोबरीने केस गळण्याची तक्रारही हमखास ऐकू येते. कुणी बोअरच्या पाण्याला दोष देते, कुणी साबणाला, तर कुणी ‘आम्ही शाकाहारी, त्यामुळे ताकद कमी’ असा निष्कर्ष काढून मोकळे होते. यांपैकी शेवटचे विधान अर्धसत्य आहे. शाकाहार स्वतः केसांना अपायकारक नाही. मात्र शाकाहारी ताटातून कडधान्य कमी झाले, की त्याची झळ केसांपर्यंत पोहोचते. कडधान्य ताटातून का कमी होते, याच्या उत्तराचा एक भाग धान्यसाठवणीत सापडतो. म्हणूनच केसांच्या प्रश्नाची कीटकशास्त्राच्या अंगाने मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

केस कशाचा बनतो?

केस म्हणजे प्रामुख्याने केराटिन नावाचे प्रथिन. या प्रथिनात सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असते. केसाला लाभणारा चिवटपणा गंधकाच्या बंधांमुळेच येतो. सिस्टीन शरीरात मेथिओनिनपासून तयार होते आणि मेथिओनिन आहारातूनच मिळवावे लागते. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील सर्वांत वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींपैकी आहेत. या विभाजनासाठी लोह आणि जस्त लागते.

निरोगी माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. शरीरात प्रथिनांची किंवा लोहाची टंचाई झाली, की हृदय, यकृत, स्नायू अशा अवयवांना प्राधान्य मिळते. केस जगण्यासाठी अनिवार्य नसल्यामुळे त्यांच्या वाट्याला कपात येते आणि अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ते प्रत्यक्ष गळतात ते दोन ते तीन महिन्यांनी. आषाढ-श्रावणात आहार घसरला, तर परिणाम दिवाळीच्या सुमारास दिसू शकतो. मधल्या काळात मूळ कारण विस्मरणात जाते आणि दोष नव्या साबणावर येतो.

ताटाचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला रोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने आणि २९ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे. पुरुषासाठी लोहाची गरज १९ मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेल्या २,००० किलोकॅलरींच्या नमुना ताटात सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये आणि ८५ ग्रॅम कडधान्ये आहेत. म्हणजे प्रमाण साधारण ३ : १.

आता गणित मांडू. तृणधान्यांत सरासरी १० टक्के प्रथिने धरली, तर २५० ग्रॅममधून २५ ग्रॅम मिळतात. कडधान्यांत २२ टक्के धरली, तर ८५ ग्रॅममधून सुमारे १९ ग्रॅम मिळतात. त्यात दूध-दह्याची भर पडली, की गरज भागते. परंतु ताटातील डाळ ३० ग्रॅमवर आली, तर तिच्यातून जेमतेम साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पातळ वरणाने पोट भरते, केसाची गरज भागत नाही. घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते, तिथे तिच्या वाट्याला बहुधा हेच पातळ वरण येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. केस गळणे हे अशा खोलवरच्या उणिवेचे बाहेर दिसणारे एक चिन्ह असू शकते.

प्रमाणाइतकेच महत्त्व जोडीला आहे. तृणधान्यांत लायसिन कमी, पण मेथिओनिन बरे असते. कडधान्यांत नेमके उलट. दोन्ही एकत्र आल्या, की एकीची उणीव दुसरी भरून काढते. वरण-भात, दक्षिणेतील तांदूळ आणि उडदाची इडली, राजस्थानातील बाजरी आणि मटकी, बंगालची खिचडी या जोड्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून स्थिरावल्या आहेत. तीळ मेथिओनिनने समृद्ध आहेत. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा-पावट्याची मिसळीची भाजी असा बेत असतो. तो वर्षातून एकदाच का असावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कडधान्य कुठे हरवते?

अनेक शेतकरी कुटुंबे तूर, मूग, हरभरा घरापुरता राखून ठेवतात. पावसाळा लागता लागता डब्यात भुंगेरे फिरू लागतात. मग धान्य घाईने विकले जाते, जनावरांपुढे टाकले जाते किंवा निवडून-पाखडून कसेबसे वापरले जाते. बाजारातून डाळ विकत आणायची, तर ती मोजूनमापून शिजते.

कडधान्यावरील भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव अनेकदा शेतातच सुरू होतो. मादी पक्व होत असलेल्या शेंगांवर अंडी घालते आणि कीड दाण्याबरोबर घरात येते. साठवणीत ती थेट दाण्यावर अंडी चिकटवते. दाण्यावरचे बारीक पांढरे ठिपके म्हणजे हीच अंडी. अळी अंड्यातून निघून सरळ दाणा पोखरत आत शिरते आणि तिची सारी वाढ दाण्याच्या आतच होते. गोल छिद्र दिसते तेव्हा प्रौढ भुंगेरा बाहेर पडून गेलेला असतो आणि नुकसान पूर्ण झालेले असते. उष्ण, दमट हवेत एक पिढी साधारण चार आठवड्यांत पूर्ण होते. एका मादीची ८० अंडी धरली, त्यांतील निम्मीच जगली आणि त्यांत निम्म्या माद्या असल्या, तरी एका मादीपासून पहिल्या पिढीत २०, दुसऱ्या पिढीत ४०० आणि तिसऱ्या पिढीत ८,००० माद्या होतात. हे केवळ गणित असले, तरी मार्चमधील स्वच्छ डबा पावसाळ्यात कसा बिघडतो, याची कल्पना त्यावरून यावी.

नुकसान केवळ वजनाचे नसते. अळ्यांच्या उत्सर्जनामुळे दाण्यात यूरिक आम्ल साठते. त्यातही नत्र असल्याने नत्रावरून प्रथिने मोजणाऱ्या नेहमीच्या चाचणीत किडलेल्या धान्यातील प्रथिनांचा आकडा फसवा, प्रसंगी वाढलेलाही दिसू शकतो. प्रत्यक्षात शरीराला उपयोगी पडणारे खरे प्रथिन घटलेले असते. म्हणूनच भारतीय अन्नसुरक्षा मानकांत धान्यातील यूरिक आम्लासाठी दर किलोला १०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घालून दिलेली आहे. किडलेले कडधान्य पाखडून खाणे हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण त्यातून पोषण मिळाल्याचा केवळ आभास होतो.

साठवणीतील पाच गोष्टी

१. कडधान्य कडक उन्हात वाळवून ओलावा ९ ते १० टक्क्यांपर्यंत आणावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटावा. वाळवलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच भरावे.

२. जुन्या पोत्यांत, कणगीत, डब्यांत राहिलेले दाणे काढून टाकावेत. नव्या धान्याला कीड बहुधा तिथूनच लागते.

३. घरी खाण्याच्या कडधान्याला दर किलोला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळावे. तेलाच्या थरामुळे अंड्यांना हवा मिळत नाही. तुरीला तेल लावून ठेवण्याच्या जुन्या रीतीमागे हेच शास्त्र आहे.

४. हवाबंद बहुस्तरीय पिशव्या किंवा घट्ट झाकणाचे, पूर्ण भरलेले डबे वापरावेत. आतील प्राणवायू संपत आला, की किडीची वाढ थांबते. पिशवी वारंवार उघडल्यास हा लाभ मिळत नाही. म्हणून महिन्यापुरते धान्य वेगळे काढावे.

५. शक्य असेल तेवढ्या कडधान्याची लवकर डाळ करून घ्यावी. हा भुंगेरा अखंड दाण्यावर अधिक वाढतो.

राहत्या घरात अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक आहे. ही सूचना विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक बैठकीत आवर्जून द्यावी.

वाणाची निवड आणि स्वयंपाक

लोह आणि जस्त शेतातूनही वाढविता येते. लोहसमृद्ध ‘धनशक्ती’ बाजरीत दर किलोला सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. सर्वसाधारण वाणांत ते ४५ ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. ‘एचएचबी २९९’ या बाजरी संकरात लोह ७३ आणि जस्त ४१ मिलिग्रॅम आहे. मसूर पिकविणाऱ्या भागांसाठी ‘आयपीएल २२०’, तर खरीप ज्वारीच्या पट्ट्यासाठी ‘परभणी शक्ती’ हे पर्याय आहेत. बियाणे निवडताना उत्पादनाबरोबर घरच्या ताटाचाही विचार व्हावा.

धान्यातील फायटिक आम्ल लोह आणि जस्त बांधून ठेवते. कडधान्य भिजवणे, मोड आणणे, पीठ आंबवणे यांमुळे ते घटते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते कमी होते. ब-१२ जीवनसत्त्व मात्र धान्य-भाजीपाल्यातून मिळत नाही. त्यासाठी शाकाहारी व्यक्तीने दूध, दही, ताक नियमित घ्यावे.

अधिक म्हणजे उत्तम नव्हे

उणिवेप्रमाणे अतिरेकही केसांना घातक ठरतो. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात अनेक गावकऱ्यांचे केस अचानक गळाले. तपासात रुग्णांच्या नमुन्यांत सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तेथे खाल्ल्या जाणाऱ्या गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. सेलेनियम अल्प प्रमाणात आवश्यक आहे. अधिक झाले, की तेच केस आणि नखांवर आघात करते. मातीतील घटक धान्यातून माणसापर्यंत कसा पोहोचतो, याचा हा धडा आहे. त्यामुळे केसांसाठी जाहिरातीतील गोळ्या मनाने घेऊ नयेत. लोहाची गोळीही तपासणीनंतर आणि सल्ल्यानेच घ्यावी.

प्रत्येक केसगळतीचे कारण आहार नसते. बाळंतपण, दीर्घ ताप, थायरॉईडचे विकार, आनुवंशिकता हीही कारणे असतात. गळती तीन महिन्यांहून अधिक टिकली, चट्टे पडले किंवा सोबत थकवा आणि धाप असली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. पुढील भेटीत केस गळण्याची तक्रार आली, तर तेलाचे नाव सांगण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : घरात माणशी रोज किती डाळ शिजते? आणि साठवणीचे कडधान्य श्रावणापर्यंत कोणत्या स्थितीत राहते? या दोन उत्तरांत पुष्कळदा उपायाची दिशा सापडते; आणि तो उपाय शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात असतो.