दहा सेंटिमीटर कुठे वाढवले?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरच्या चाकांमधलं अंतर बदलणं हे नेहमीचं काम आहे. मागच्या चाकाची डिस्क उलटी बसवली की चाकं लांब जातात. पुढचा ॲक्सल सरकवून दुसऱ्या भोकात बोल्ट घातला की पुढचीही जातात. चाक सरीत नीट चालावं एवढाच त्यामागचा हेतू. स्वतः पाइप जोडून गाडी बांधणाऱ्याला मात्र हेच अंतर वेगळ्या कारणासाठी ठरवावं लागतं, कारण वळणावर गाडी कशी वागेल हे बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

एका ॲक्सलवरच्या दोन टायरांच्या मध्यरेषांमधलं अंतर म्हणजे ट्रॅक. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते सोप्या हिशेबाने निघतं. गाडीचं वजन ६०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, ट्रॅक १.३ मीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरला, तर सुमारे १६६ किलो भार सरकतो. दोन्ही ट्रॅक १.४ मीटर केले की तो १५४ किलोवर येतो. हे १२ किलो महत्त्वाचे आहेत, कारण टायरवर दुप्पट भार टाकल्याने दुप्पट पकड मिळत नाही. बाहेरचं चाक जेवढं कमावतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं. ज्या ॲक्सलवर भार जास्त सरकतो, ती जोडी आधी घसरते. पुढची घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ निघते, मागची घसरली तर शेपूट फिरते.

यावरून अनेक जण ठरवतात, की पुढची पकड हवी असेल तर पुढचा ट्रॅक वाढवावा. इथेच थांबून विचार करायला हवा. एकूण भार सरकणं ट्रॅकवर आणि उंचीवर ठरतं, पण त्यातला पुढच्या ॲक्सलने किती उचलायचा आणि मागच्याने किती, हे मुख्यतः कोणता ॲक्सल झुकण्याला जास्त विरोध करतो यावर ठरतं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा तोच राहिला, तर हा विरोध ट्रॅकच्या वर्गाच्या पटीत वाढतो.

समजा, पुढचा ट्रॅक १.३ वरून १.४ मीटर करायचा आहे. पहिला मार्ग म्हणजे चासी रुंद करून विशबोन (चाक चासीला जोडणारे दांडे) आणि स्प्रिंग आहेत तसे बाहेर नेणे. पुढचा विरोध सुमारे १६ टक्के वाढतो, पुढचा ॲक्सल भाराचा जास्त वाटा ओढून घेतो आणि गाडी पुढून आधी घसरू लागते. दुसरा मार्ग म्हणजे चासी तीच ठेवून ३०० मिलिमीटरचा विशबोन ३५० चा करणे, स्प्रिंगचं बूड मात्र त्याच जागी. तरफ लांबल्याने चाकाशी जाणवणारा कडकपणा सुमारे २७ टक्के घटतो आणि ट्रॅक वाढूनही एकूण विरोध सुमारे १५ टक्के कमी होतो. आता पुढची पकड वाढते. दहा सेंटिमीटर दोन्हीकडे तेच, परिणाम उलटे. म्हणून कुणी नुसता ट्रॅकचा आकडा सांगितला, तर त्यावरून गाडीबद्दल मत बनवू नये.

पाट्यांवरच्या सरळ ॲक्सलचं गणित आणखी वेगळं. तिथे झुकण्याला विरोध दोन पाट्यांमधल्या अंतराने होतो, चाकांमधल्या नव्हे. चाकं बाहेर सरकवली की त्या ॲक्सलवर सरकणारा भार सरळ कमी होतो.

ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो. तो टेकेपर्यंत झुकण्याला विरोध फक्त मागची चाकं करतात, म्हणून पुढची चाकं कितीही रुंद केली तरी चारीच्या कडेला आधार वाढत नाही. मागची रुंद केली तर वाढतो. रिक्षाच्या पुढच्या एकाच चाकाला तर ट्रॅकच नाही. वळणात ब्रेक दाबला की भार त्याच टोकाकडे जातो, म्हणून तेव्हाच ती कलंडण्याची भीती जास्त.

विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांमध्ये अरुंद ट्रॅक रुंद ट्रॅकच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही आणि गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी केली तरी उलटता कामा नये. १.२ मीटर ट्रॅकच्या गाडीला त्यासाठी गुरुत्वमध्य साधारण ३५ सेंटिमीटरच्या खाली ठेवावा लागतो. अनेक संघ मागचा ट्रॅक थोडा कमी ठेवतात, कारण आखूड वळणात मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात आणि मार्ग आखणाऱ्या कोनला लागतात. मात्र मागचं आतलं चाक हलकं पडून इंजिनाच्या जोराने नुसतं फिरत असेल, तर मागे रुंदीच हवी.

हब आणि चाकामध्ये स्पेसर घालून ट्रॅक वाढवणं सर्वांत स्वस्त, पण मला ते शेवटचा उपाय वाटतं. हबच्या बेअरिंगवर ताण येतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकतं. शिवाय नोंदणी झालेल्या गाडीत असे मूलभूत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. नव्या गाडीचा नमुना तपासणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, अहिल्यानगरातच आहे.

बदल केल्यावर बंद मैदानात वर्तुळ आखावं. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्किडपॅड चाचणीतलं आतलं वर्तुळ १५.२५ मीटर व्यासाचं असतं, तेवढं पुरे. टायरची हवा तीच ठेवून हळूहळू वेग वाढवावा आणि आधी कुठलं टोक सुटतं ते पाहावं. मग एका वेळी एकाच ॲक्सलला हात लावावा.