एका पटावर दोघे

सातारा-सांगलीकडच्या घरांत लग्नाचे विधी आटोपले की नवरा-नवरीला खेळ खेळवण्याची जुनी चाल आहे. हळदीच्या पाण्यात टाकलेली अंगठी आधी कोणाच्या हाती लागते, मुठीत घट्ट धरलेली सुपारी कोण सोडवून घेतो, दातांत धरलेला विडा कोण तोडतो, यावर दोन्हीकडची मंडळी आरडाओरडा करीत आपापली बाजू लावून धरतात. या खेळांमागे जुन्या पिढीचे शहाणपण होते. एकमेकांना नीट न पाहिलेल्या दोघांचा संकोच उपदेशाने सुटत नाही, तो हसण्याने सुटतो, हे तिला ठाऊक होते. मात्र त्यानंतर संसार सुरू झाला की खेळ संपला, असेही तीच पिढी मानत आली. दुकान, देणीघेणी, मुलेबाळे आणि पाहुणेरावळे यांच्या धबडग्यात नवरा-बायकोने खेळत बसणे पोरकटपणाचे ठरले.

आज तिशीच्या आतबाहेर असलेली पिढी मात्र व्हिडिओ गेम खेळतच वाढली आहे. पेढीवर बसणारा, जीएसटीची विवरणपत्रे बिनचूक भरणारा, मालाचा भाव एका नजरेत ओळखणारा तरुण रात्री मोबाइलवर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर तासभर खेळतो. मुलीही खेळतात, फक्त त्याविषयी बोलत नाहीत. वधू-वर परिचय मेळाव्याच्या पत्रकात छंदाच्या रकान्यात वाचन, संगीत, प्रवास असे सभ्य शब्द येतात. गेम हा शब्द तिथे सहसा लिहिला जात नाही. परिणामी जी गोष्ट साखरपुड्याआधी एका वाक्यात सांगता आली असती, ती लग्नानंतर बंद दाराआड उघडकीस येते आणि तेव्हा ती छंदासारखी दिसत नाही, लपवलेल्या व्यसनासारखी दिसते.

व्यापारी कुटुंबांत या प्रश्नाला एक खास धार आहे. सांगलीच्या हळद-बेदाण्याच्या पेठेत असो वा साताऱ्याच्या कापड दुकानात, दिवसभर पती-पत्नीची निवांत भेट होत नाही. सूर्यास्तापूर्वीचे जेवण पाळणाऱ्या घरांत संध्याकाळचा डबा दुकानावर जातो आणि घरी परतल्यावर एकत्र जेवणाची वेळही उरलेली नसते. एकत्र कुटुंबात दोघांना खऱ्या अर्थाने मिळतात ते रात्रीचे दीड-दोन तास. त्याच वेळात एकाने कानाला हेडफोन लावून पडद्यात डोके घातले, तर एका खोलीत दोन एकांत तयार होतात. तक्रार वरकरणी खेळाची असते. मनातले दुःख असते ते वाटणीला आलेला तेवढा वेळही गेल्याचे.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी ३४९ जोडप्यांचा अभ्यास करून २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही जोडपी संगणकावरील ऑनलाइन खेळ खेळणारी होती. काहींत दोघेही खेळत, काहींत एकच. संसारातील समाधान केवळ खेळाच्या तासांवर ठरत नाही, असे त्यात आढळले. खरा त्रास होता तो खेळावरून होणाऱ्या भांडणांचा आणि दोघांची झोपायची वेळ वेगळी पडण्याचा. ज्या घरांत दोघेही खेळत होते, त्यांतील ७६ टक्के जोडीदारांनी या छंदाचा आपल्या नात्यावर चांगला परिणाम झाल्याचे सांगितले. परक्या समाजातील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे खरे. तरीही किती खेळतो यापेक्षा कोणाला वगळून खेळतो हा प्रश्न मोठा आहे, ही गोष्ट कृष्णाकाठालाही पटण्यासारखी आहे.

कृष्णाकाठाला ती नवीही नाही. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर यांनी स्थापन केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने पिढ्यानपिढ्या खेळाडू घडवले. सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या तीन पणत्या, वासंती, जयश्री आणि रोहिणी, मुंबईत एकाच घरात पट मांडून बसत. वासंती १९७४ मध्ये पहिल्या राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या, तर रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. घरच्याच माणसाशी डाव मांडायचा, हरायचे आणि तरीही एका पंगतीला बसायचे, हे त्या घराला साधले होते. पती-पत्नींमधील उदाहरण म्हणजे प्रवीण आणि भाग्यश्री ठिपसे. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये भारताचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी राष्ट्रीय महिला विजेतेपद पाच वेळा पटकावले आणि १९९१ मध्ये आशियाई विजेतेपदही मिळवले. दोघांचा छंद एकच असला तरी दोघांचे यश स्वतंत्र राहिले. छंद वाटून घेणे म्हणजे एकाने दुसऱ्याची सावली होणे नव्हे.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत अडचण बहुधा पहिल्याच संध्याकाळी येते. पंधरा वर्षे खेळलेला नवरा पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतलेल्या बायकोला आपला आवडता, वेगवान खेळ देतो. ती दहा सेकंदांत हरते. तो म्हणतो, ‘इकडे आण, मी दाखवतो.’ दोन वेळा असे झाले की ती पुन्हा बसत नाही. जिथे बायको तरबेज आणि नवरा नवखा असतो, तिथेही हेच घडते, वर मानापमानाची भर पडते. दुकानात नव्या माणसाला कोणी पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवत नाही. त्याला आधी माल दाखवतात, चुकू देतात, हळूहळू गिऱ्हाईक सोपवतात. खेळ शिकवतानाही तेवढाच धीर हवा. दुसऱ्याच्या हातातून यंत्र काढून न घेणे हा त्यातला पहिला नियम आणि खेळ निवडण्याचा अधिकार नवख्याला देणे हा दुसरा.

सुरुवात ओळखीच्या खेळापासून करणे सोपे जाते. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला लुडो किंग २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. सासू-सुना आणि परगावी अडकलेल्या लेकी त्याच पटावर रोज भेटत होत्या. त्यापुढची पायरी म्हणजे दोघांनी मिळून खेळायचे सहकार्याचे खेळ. स्वीडनमधील हेझलाइट कंपनीचा ‘इट टेक्स टू’ हा खेळ २०२१ मध्ये आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ ठरला. तो एकट्याने खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेले जोडपे बाहुल्यांच्या रूपात अडकते आणि एकमेकांना साथ दिल्यावाचून त्यांना एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, अशी त्याची कथा आहे. एकाने खिळा मारायचा, दुसऱ्याने हातोडीने त्याला लटकून पलीकडे जायचे, अशी कामाची वाटणी त्यात आहे. एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला ऑनलाइन सोबत फुकट खेळता येतो, हेही व्यापारी घराला आवडण्यासारखे.

शांत खेळ हवा असेल तर ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ आहे. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून तो २०१६ मध्ये पूर्ण केला. त्यात दोघे मिळून एक शेत सांभाळू शकतात. गंमत अशी की खेळाच्या आरंभी हाती पडणारे बियाणे पार्सनिपचे, म्हणजे कंदमुळाचे असते. जैन घरात यावर हसू उमटते आणि लगेच खरी चर्चाही सुरू होते: पडद्यावर कंद पिकवावा का, मासेमारी टाळून शेत चालवता येईल का. तो खेळ तसा चालवता येतो.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक लोकप्रिय खेळ मारामारीवर उभे आहेत, आणि ‘खरे कोण मरते?’ हे त्यावरचे तयार उत्तर आहे. जैन परंपरेने या उत्तराचा विचार हजार वर्षांपूर्वीच केला. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त यशोधर राजाची कथा येते. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास तो नकार देतो, पण आईच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. जीव गेला नाही, तरी संकल्प मारण्याचाच होता. म्हणून माय-लेकांना कितीतरी पशुजन्मांचे फेरे भोगावे लागतात. ‘इट टेक्स टू’मध्येही एक प्रसंग आहे. आई-बाप स्वार्थापोटी मुलीच्या लाडक्या कापडी हत्तिणीला फरफटत नेऊन कड्यावरून ढकलतात. हत्तीण कापडाची, तरी तो प्रसंग खेळताना खेळाडूंचे हात थबकतात, कित्येकांनी तसे बोलूनही दाखवले आहे. भावहिंसा म्हणजे काय, हे त्या थबकण्यातून कळते. म्हणून कोणता खेळ घरात आणायचा हे दोघांनी मिळून ठरवावे. एकाला जो प्रसंग सोसत नाही, तो त्याची भित्री समजूत म्हणून उडवून लावू नये.

दुसरी सीमा पैशाची. सप्तव्यसनांत जुगार पहिला मोजला आहे, आणि मोबाइलवरच्या पैसे लावण्याच्या खेळांनी तो व्यापारी घरांच्या उशाशी आणून ठेवला होता. केंद्र सरकारच्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांसाठी होणाऱ्या बँक व्यवहारांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांना मात्र वेगळे मानले. तरीही साध्या खेळांतही पोशाख, शस्त्रे, नाणी यांची छोटी छोटी खरेदी चालते. पन्नास-शंभर रुपयांची ती रक्कम रोजकीर्दीत कुठेच दिसत नाही आणि वर्षअखेरीस मोठी होते. खेळाचा खर्च घरखर्चात उघडपणे लिहिण्याची सवय दोघांनी लावून घेतली, तर संशयाला जागा उरत नाही.

तिसरी सीमा आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला असून ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळालाच अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे, ही त्याची लक्षणे. ती सहसा वर्षभर टिकली आणि त्यामुळे कुटुंब वा कामधंदा यांत गंभीर बिघाड झाला, तरच निदान होते. रोज रात्री तासभर खेळणाऱ्याला व्यसनी म्हणणे जसे अन्यायाचे, तसे लक्षणे दिसत असताना ‘तूही खेळ म्हणजे बरे वाटेल’ असे जोडीदाराला सांगणेही चुकीचे. तिथे सोबतीचा उपयोग डॉक्टरांकडे बरोबर जाण्यासाठी करावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांची नापसंती बहुधा या भीतीतूनच येते. त्यांना आठवण करून द्यावी अशी गोष्ट त्यांच्याच वारशात आहे. गुजरात-राजस्थानकडच्या जैन घरांत पर्युषणात ज्ञानबाजीचा पट मांडला जाई. त्याच्या बहुतेक पटांवर चौऱ्याऐंशी घरे असत. सद्गुणांच्या शिड्या वर नेत, दोषांचे साप खाली आणत आणि शेवट मोक्षाच्या घरात होई. मराठी मुलखात त्याचा भाऊबंद मोक्षपट या नावाने ओळखला गेला. आजची सापशिडी त्याच कुळातली. खेळातून शिकवण देता येते आणि ती एकत्र बसूनच देता येते, हे पूर्वजांनी मानले होते.

ज्याला खेळ मुळीच आवडत नाही, त्याच्यावर सक्ती नको. शेजारी बसून पाहणे, कथा पुढे कशी जाते हे विचारणे, कधी ‘डावीकडे वळ’ असे सुचवणे, हीसुद्धा वाटणीच आहे. आणि खेळणाऱ्याने दुसऱ्याच्या छंदाला, मग तो भजनी मंडळाचा असो, भरतकामाचा असो वा गड-किल्ल्यांवरील भटकंतीचा, तेवढाच वेळ द्यावा. या आठवड्यात आपण तुझ्या खेळात, पुढच्या आठवड्यात माझ्यासोबत अजिंक्यताऱ्यावर, असा हिशेब व्यापाऱ्याच्या घरात जड जाऊ नये. लग्न ठरवतानाही परिचयपत्रातील छंदाच्या रकान्यात खरे ते लिहावे. त्या एका शब्दावरून जो स्थळ नाकारतो, त्याचे मत लग्नाआधी कळलेले बरे.