थंडीतील मोटारसायकल प्रवास आणि हातांची काळजी

डिसेंबर-जानेवारीतील पहाट ज्यांनी निफाड, दिंडोरी किंवा राहुरी भागात मोटारसायकलवर काढली आहे, त्यांना थंडी म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. निफाडजवळील कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. गहू, हरभऱ्याला ही थंडी मानवते. परंतु दुधाचे कॅन लावून संकलन केंद्राकडे निघालेल्या, किंवा मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून पहाटेच्या लिलावाला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातांना ती मानवत नाही. अंगात स्वेटर असतो, कानाला मफलर असतो, हात मात्र बहुधा उघडेच असतात.

हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी पहाटे प्रक्षेत्रावर निघालो होतो. हातात लोकरीचे जाड मोजे होते. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर वळणावर उसाची ट्रॉली उभी दिसली. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ब्रेक दाबावयाचा हे डोक्याला कळले, पण बोटे मिटेनात. पायाच्या ब्रेकने गाडी कशीबशी कडेच्या चारीत घातली, म्हणून निभावले. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. बधिर बोटांनी ब्रेक दाबण्यास एक सेकंदाचा उशीर केला, तर तेवढे अंतर हातचे गेले असे समजावे. गळीत हंगाम व कडाक्याची थंडी एकाच वेळी येतात, हे आपण जाणताच.

हात का गारठतात?

शरीराला थंडी लागली की हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब टिकविण्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना रक्त कमी पोचते, ती पांढरी पडतात, मग बधिर होतात. याचा अर्थ असा की छाती उघडी ठेवून हातात कितीही भारी मोजे घातले तरी बोटे गारच राहणार. स्वेटर व शर्ट यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवण्याची ट्रकचालकांची जुनी युक्ती हातांनाही उपयोगी पडते ती यामुळेच. मनगटाचेही तसेच. तेथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी लगत असते. बाही व मोजा यांच्यामध्ये दोन बोटे जागा उघडी राहिली, तर ऊब तेथून निघून जाते. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवावी.

दुसरे कारण वाऱ्याचे. हवा १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेल्यास उघड्या कातडीला ती सुमारे ६ अंशांसारखी जाणवते. हवा ५ अंश असेल तर शून्याच्याही किंचित खाली. लोकरीची ऊब ही धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. वारा विणीतून आरपार गेला की ती हवा निघून जाते. माझ्या जाड मोज्यांची गत अशीच झाली. केळीच्या बागेभोवती आपण शेवरी किंवा गजराज गवत कशासाठी लावतो? तोच न्याय येथे लावावा. आधी वारा अडवावा, जाडीचा विचार नंतर करावा.

वारा अडविण्याचे उपाय

लोकरीच्या पातळ मोज्यावर रेक्झिनचा, चामड्याचा किंवा रबरी मोजा घातल्यास एकट्या जाड मोज्यापेक्षा चांगला परिणाम मिळतो. काहीच हाताशी नसेल तर आतील मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी व तिच्यावर दुसरा मोजा घालावा. पिशवी सर्वांत वर घालू नये. ती लिव्हरवरून घसरते. बाहेरचा मोजा घट्टही नसावा. मूठ आवळल्यावर बोटांची टोके दाबली गेली, तर रक्त आणखी कमी पोचते.

याहून चांगले म्हणजे हँडलवरच आडोसा करणे. बाजारात हँडलला बांधावयाची कव्हरे मिळतात. ती नसतील तर खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन उभा चिरून प्रत्येक मुठीपुढे एक अर्धा भाग पक्का बांधावा. कीटकनाशकाचा कॅन यासाठी कदापि वापरू नये. आडोसा बांधल्यावर गाडी उभी असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, एक्सलरेटर सोडल्यावर मूठ आपोआप मागे येते का ते पाहावे, आणि हात झटकन बाहेर निघतो याची खात्री करावी. मऊ कव्हर वाऱ्याच्या दाबाने ब्रेकच्या लिव्हरवर चेपले जाते व ब्रेक किंचित लागलेला राहतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लिव्हरचा धातू बोटांची ऊब ओढून घेतो, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर चढवावा. क्लचच्या केबलला तेल द्यावे. जड क्लच गारठलेल्या हाताला दुप्पट जड वाटतो.

ओलावा

ओला मोजा हा मोजा नसल्यापेक्षा वाईट. माठातले पाणी झिरपून, वाऱ्याने वाळून आतले पाणी गार करते, त्याप्रमाणे ओला मोजा बोटांना गार करतो. दूध उत्पादकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. धार काढून, कास धुऊन हात ओलसर असतानाच आपण किक मारतो. हात कोरड्या फडक्याने, बोटांच्या बेचक्यांसह पुसावेत आणि मगच मोजे चढवावेत. सुती मोजे धुक्यात व दवात पाणी शोषून घेतात, म्हणून ते टाळावेत. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत बाळगावा, म्हणजे परतीच्या वाटेवर उपयोगी पडतो.

फवारणीचे रबरी मोजे धुके आहे म्हणून गाडीवर वापरू नयेत, धुतलेले असले तरीही. त्यांत औषधाचा अंश राहतो, आणि त्याच हाताने पुढे आपण चहाचा कप धरतो.

बोटे बधिर झालीच तर गाडी बाजूला घेऊन थांबावे व हात काखेत धरावेत. सायलेन्सरवर किंवा शेकोटीवर शेकू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड मागाहून दिसतो. विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या अधिकच आकसतात. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते. गाडी चालविणाऱ्याने त्याचे नावही काढू नये. थोड्याशा गारव्यानेही बोटे वारंवार पांढरी, मग निळी पडत असतील, किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना हात दाखवून घ्यावेत.

घरी आल्यावर मोजे उलटे करून चुलीपासून हातभर अंतरावर दोरीला टांगावेत. चामड्याचे मोजे मात्र सावलीतच वाळवावेत, नाहीतर ते कडक होऊन मूठ मिटत नाही.