बायोप्सीच्या रिपोर्टमधलं ‘केराटिन पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय?

औंधच्या एखाद्या माणसाच्या मानेतली गाठ काढून तपासायला पाठवली आणि रिपोर्टवर आलं, ‘केराटिन पॉझिटिव्ह’. घरचे गोंधळणारच! हा शब्द म्हणजे कॅन्सर नव्हे; केराटिन तुमच्या निरोगी त्वचेतही असतं.

पेशीला आतून आधार देणारा प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. त्वचेत, तोंडाच्या अस्तरात हे धागे केराटिनचे, तर स्नायूंत डेस्मिनचे. कॅन्सरची पेशी मूळ जागा सोडून मानेत पोहोचली, तरी बऱ्याचदा हे धागे तसेच राहतात. त्यामुळे गाठ कुठल्या प्रकारच्या पेशींची, याचा माग लागतो. उपचार त्यावरच ठरतात.

हे धागे शोधायला अँटीबॉडी वापरतात. ती ठरावीक प्रथिनाला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग उमटतो. एकाच साच्यातल्या अँटीबॉडी हव्या तितक्या बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 मध्ये दाखवली. 1984 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर फार. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मधल्या संशोधकांनी त्यातलं केराटिन 8 अभ्यासलं. निरोगी तोंडाच्या अस्तरात ते सहसा दिसत नाही. कॅन्सरपेशींतलं हे प्रथिन कमी केल्यावर त्यांची गाठ बनवण्याची ताकदही घटली.

पण अँटीबॉडी कधीकधी भलत्याच प्रथिनाला चिकटते! म्हणून रुग्णाच्या नमुन्यासोबत दोन नमुने तपासतात : एक केराटिन नक्की असलेला, दुसरा नक्की नसलेला. पहिला रंगला नाही किंवा दुसरा रंगला, तर तपासणी पुन्हा करावी लागते.