बाहुलीच्या जटा आणि जीर्ण झगा

जुन्या बाजारातून घरी आलेल्या बार्बी बाहुलीचे केस जटा वळून काथ्यासारखे राठ झालेले असले, आणि अंगावरच्या झग्याची शिवण उसवून लेस लोंबत असली, म्हणजे तिला तत्काळ साबणाच्या ऊन पाण्यात बुचकळण्याचा मोह पडतो. परंतु ते केस कोणत्या द्रव्याचे आहेत आणि त्या कापडाचा रंग पक्का आहे की कच्चा, याची रीतसर तपासणी झाल्याखेरीज तिला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मॅटेल कंपनीने 1959 साली न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ही बाहुली प्रथम मांडली. ती घडली होती जपानमध्ये, आणि तिच्या मस्तकी सारान नावाच्या कृत्रिम तंतूचे केस होते. सारान वजनदार, तुकतुकीत आणि दिलेले वळण धरून ठेवणारा. पुढे नायलॉन, कॅनेकॅलॉन आणि स्वस्त पॉलिप्रॉपिलीन हेही बाहुल्यांसाठी प्रचारात आले. त्यांपैकी पॉलिप्रॉपिलीनचे केस चटकन पिंजारतात आणि फार काळ वळण धरीत नाहीत. हे सर्वच तंतू उष्णतेने मऊ पडणारे असल्यामुळे, इस्त्री लागून एकदा त्यांची टोके वितळली की ती पूर्ववत करण्याची कोणतीही तजवीज अस्तित्वात नाही. कानांत धातूची कर्णफुले असलेल्या आरंभीच्या बाहुल्यांविषयी तर विशेष दक्षता हवी. त्या धातूतील तांब्याने भोवतालचे मृदू प्लॅस्टिक हिरवे पडते, म्हणून त्यांच्या मस्तकात पाणी शिरू देऊ नये.

केस यंत्राने झुपक्या-झुपक्यांनी टाळूतून ओवलेले असतात. मुळाशी हिसका बसला तर झुपकाच्या झुपका निघून येतो आणि मागे उघडे छिद्र उरते. यास्तव कोमट पाण्यात फॅब्रिक कंडिशनर कालवून केस त्यात काही वेळ मुरू द्यावेत. मग एक बारीक बट घेऊन गुंत्याच्या जरा वर ती डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरावी, आणि विरळ दातांची धातूची फणी शेवटापासून लावीत बोट-बोट वर सरकावे, म्हणजे ओढ चिमटीपाशीच अडते, टाळूपर्यंत पोहोचत नाही. गाठ हट्टी असेल तर फणी बाजूस ठेवून ती सुईच्या टोकाने सोडवावी. कात्री मात्र हाती घेऊ नये.

वस्त्रांच्या बाबतीत माझा पक्षपात उघड आहे. बार्बीच्या पोशाखांच्या रचनाकार शार्लट जॉन्सन यांनी जपानमध्ये राहून ज्या आरंभीच्या पोशाखांची सिद्धता करविली, त्यांतील इवलीशी चेन, अस्तर आणि टिचबटणे पाहिली, की तो झगा टाकून नवा शिवणे मला अन्यायाचेच वाटते. प्रथम आतल्या शिवणीवर ओला पांढरा कपडा दाबून पाहावा. त्याला रंग लागला तर धुण्याचा विचार सोडून द्यावा. रंग टिकला, तर रेशमी लुगड्यांसाठी आपल्याकडे वापरतात ते रिठ्याचे पाणी थंड करून गाळून घ्यावे, झगा न चोळता त्यात हलकेच दाबावा, आणि न पिळता पांढऱ्या टॉवेलवर पसरून सावलीत वाळवावा. टिचबटणे गंजलेली असल्यास तो भाग कोरडाच ठेवावा, नाहीतर गंजाचा डाग कापडात पसरतो. विरलेल्या जागी आतून बारीक जाळीचा तुकडा लावून एकपदरी दोऱ्याने रफू करावे. मूळ बटण, मूळ लेस जेवढी शिल्लक असेल तेवढी जागच्या जागी राहू द्यावी. कापड पिवळसर राहिले तरी ते शुभ्र करण्यासाठी ब्लीच वापरू नये. जीर्ण सूत त्याने तुटते.

पुष्कळदा झगा उतरविल्यावर अंगावर लाल वा काळ्या कापडाचा डाग उमटलेला आढळतो. मुरमांवरचे बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मलम त्या डागावर लावून बाहुली उन्हात ठेवल्यास डाग हळूहळू फिकट होतो. पण भोवतालची कांतीही त्याबरोबर उडू शकते, म्हणून मलम डागाबाहेर जाऊ न देता रोज निरीक्षण करावे, आणि ओठ व भुवया रंगविलेल्या चेहऱ्यावर ते मुळीच लावू नये.