युद्धातल्या नाताळचं झाड

२४ डिसेंबर १९४१, वॉशिंग्टन. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याला सतरा दिवस झालेत. व्हाइट हाउसच्या फाटकांपाशी रांग मुंगीच्या पावलांनी सरकते आहे, कारण हातातलं सामान आत न्यायला मनाई. सणाच्या आदल्या संध्याकाळी हात रिकामे असणार कोणाचे? दुकानांतून थेट इकडे आलेली माणसं भेटवस्तूंची पुडकी नाइलाजाने बाहेर ठेवतात आणि आत शिरतात.

आपणही गर्दीबरोबर दक्षिणेकडच्या हिरवळीवर येतो.

या आवारात नाताळचं हे झाड यंदा पहिल्यांदाच. १९२३ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी पहिलं राष्ट्रीय झाड उजळलं ते कुंपणापलीकडच्या एलिप्स मैदानावर. पण गेल्या वर्षी रूझवेल्ट यांनी सांगून टाकलं होतं, पुढच्या खेपेस आमच्या अंगणात या, जरा घरगुती वाटेल. तेव्हा अमेरिका युद्धात नव्हती. आता सुरक्षारक्षकांना हा दिव्यांचा सोहळाच नको आहे आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ज्या घराच्या खिडक्यांना काळे पडदे चढताहेत, त्याच्याच पुढ्यात हजारो माणसं आणि रोषणाई! रूझवेल्ट बधलेले नाहीत.

अंधारून येतं. बँडवर नाताळची गाणी चालली आहेत. सज्ज्यात रूझवेल्ट येतात. पायांना पोलादी पट्ट्यांचा आधार, तरी उभे राहतात. कळ दाबली जाते, झाड उजळतं आणि पोरांचा गलका उठतो.

राष्ट्राध्यक्ष गोडगोड बोलत नाहीत. आपली माणसं लढत, मरत असताना आपण झाडं कशी उजळायची, भेटी कशा द्यायच्या, हा लोकांच्या मनातला प्रश्न ते स्वतःच विचारतात. उत्तर असं, की शस्त्रांइतकीच मनाचीही तयारी लागते आणि ती या सणातून होते. १ जानेवारी हा प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळायचं आवाहन करून ते शेजारच्या जुन्या मित्राला पुढे बोलावतात.

ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल! दोन दिवसांपूर्वी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या युद्धनौकेवरून अटलांटिक ओलांडून ते उतरलेत. माना उंचावतात. आवाज रेडिओवर ऐकलेला तोच, जड आणि सावकाश. घरापासून दूर आहे पण परक्या ठिकाणी आहे असं वाटत नाही, म्हणतात. आई इथलीच होती. मग ते मुलांकडे वळतात. आजची रात्र पोरांना हसू-खेळू द्या, मोठ्यांनीही त्यात भाग घ्या; उद्यापासून पुन्हा कष्टाची कामं आहेतच, आणि ती करायची कशासाठी, तर मुलांचा वारसा कोणी लुटू नये यासाठी. भाषण लहान आहे आणि, खरं सांगायचं तर, अप्रतिम आहे. लोक मनापासून टाळ्या वाजवतात.

आपले हात मात्र मध्येच थांबतात. समोरच्या श्रोत्यांना ‘स्वातंत्र्याच्या कामातले सहकारी’ ठरवणाऱ्या याच गृहस्थांनी सप्टेंबरमध्ये पार्लमेंटात स्पष्ट केलं आहे, की त्यांनी आणि रूझवेल्ट यांनी मिळून जाहीर केलेल्या अटलांटिक सनदेतली स्वराज्याची हमी मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय देशांसाठी आहे. हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा. इथे संध्याकाळ आहे तेव्हा हाँगकाँगमध्ये २५ तारखेची सकाळ उजाडली आहे. तिथे राजपूत आणि पंजाब रेजिमेंटच्या पलटणी इंग्रजांसाठी लढताहेत. आज दुपारी तिथली ब्रिटिश फौज शरण जाईल. मलायात हिंदी जवान जित्रापासून मागे हटताहेत. बारडोलीत काँग्रेस कार्यकारिणी बसली आहे. महिन्याच्या सुरुवातीला तुरुंगातून सुटलेले नेहरू तिथे आहेत. त्यांच्यातला कोणीही या सज्ज्यातून आलेल्या संदेशाचा धनी नाही.

सोहळा संपतो. बाहेर आपापली पुडकी शोधायला झुंबड उडते.

पुढचे तीन नाताळ हे झाड सजेल, पण त्यावर दिवे लागणार नाहीत. १९४५च्या नाताळात नवे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन कळ दाबतील तेव्हा रूझवेल्ट हयात नसतील आणि चर्चिल निवडणूक हरलेले असतील. आजचं भाषण मुलांच्या बाबतीत खरं होतं. फक्त त्या मुलांत आपल्याकडची मुलं धरलेली नव्हती.