लोन अ‍ॅपचं कर्ज फेडता येत नाहीये? दुसरं अ‍ॅप उघडण्याआधी हे वाचा

पगाराला बारा दिवस बाकी असतात, अम्मीची औषधं संपलेली असतात आणि मोबाईलवर जाहिरात येते: पाच मिनिटांत पैसे, कागदपत्रांची कटकट नाही. अशी कर्जं आपल्या मोहल्ल्यांत किती घरांत शिरलीत हे कळत नाही, कारण घेणारा कुणाला सांगतच नाही. बायकोलाही नाही.

आधी हिशोब बघू. समजा ५,००० रुपये मंजूर झाले. 'प्रोसेसिंग फी' आणि काय काय कापून हातात आले ३,२००. सातव्या दिवशी मागणी पूर्ण ५,००० ची. म्हणजे ३,२०० रुपयांवर आठवड्यात १,८०० रुपये, टक्केवारीत सांगायचं तर आठवड्याला ५६ टक्के. गावचा सावकारही यापुढे भला वाटावा! हे देता येत नाही म्हणून माणूस दुसरं अ‍ॅप उघडतो, मग तिसरं. घर बहुतेक वेळा पहिल्या कर्जानं बुडत नाही, ते फेडायला घेतलेल्या पुढच्या कर्जांनी बुडतं. म्हणून पहिली गोष्ट: आजपासून नवीन कर्ज बंद. दोन ग्रॅमची अंगठी विकावी लागली तरी चालेल, पण नवीन अ‍ॅप नको.

दुसरी गोष्ट, पैसे नेमके कुणाचे आहेत ते शोधा. अ‍ॅप हा बहुतेक वेळा फक्त दलाल असतो. त्याच्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा वित्त कंपनी (एनबीएफसी) असायला हवी. कर्जाच्या करारात तिचं नाव असतं. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर २०२५ पासून अशा अ‍ॅपची यादीही आहे. ती यादी कर्ज देणाऱ्या कंपन्यांनीच दिलेल्या माहितीवरून बनते, त्यामुळे यादीत नाव म्हणजे चांगुलपणाचा दाखला नव्हे. पण नाव कुठेच सापडत नसेल तर समजून जा. अ‍ॅप घाईत काढून टाकू नका. आधी करार, हातात आलेली रक्कम, भरलेले हप्ते, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. अ‍ॅप काढल्यानं कर्ज जात नाही, पुरावा मात्र जातो.

कंपनी नोंदणीकृत निघाली तर तिच्याशी बोलायचंच, पण फोनवर नाही, ईमेलवर. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव अ‍ॅपवर किंवा वेबसाईटवर असणं बंधनकारक आहे. त्याला साध्या भाषेत लिहा: उत्पन्न इतकं, घरखर्च इतका, महिन्याला इतकेच देऊ शकतो, दंड माफ करा आणि हप्ते पाडून द्या. जेवढं झेपेल तेवढंच कबूल करा. घरभाडं, राशन आणि मुलांची फी आधी, एजंट कितीही ओरडला तरी. थकबाकीवर दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही पत्रात लिहा. तडजोड ठरली तर पत्र हातात आल्यावरच पैसे भरा, तेही कंपनीच्याच खात्यात. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. आणि तडजोडीनं मिटलेलं कर्ज सिबिलमध्ये 'सेटल्ड' म्हणून दिसतं, पुढे घराचं कर्ज घेताना ते आडवं येतं. पूर्ण थकबाकी भरणं शक्य असेल तर 'क्लोज्ड' करून घ्या आणि 'नो ड्यूज' पत्र मागून घ्या.

तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

आता खरी भीती. कर्जाच्या रकमेपेक्षा माणसाला जाळतं ते हे की फोनमधल्या साऱ्या नंबरांवर मेसेज जाईल. मामूंना, सासऱ्यांना, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर. रिझर्व्ह बँकेचे नियम इथे स्पष्ट आहेत: कर्जाच्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघण्याची परवानगीच नाही. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. नातेवाइकांना छळणं, बदनामी, धमकी हे वसुलीत बसत नाही. फोटो विकृत करून पाठवणं किंवा पाठवण्याची धमकी देऊन पैसे उकळणं हा तर सरळ गुन्हा आहे. लगेच १९३० वर फोन करा, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. पैसे दिले की हे थांबेल असं वाटतं, पण देणारा सापडला की मागणी वाढते. त्यापेक्षा तुम्हीच आधी चार जवळच्या लोकांना सांगून टाका की माझ्या फोनमधली माहिती चोरीला गेलीय, काही आलं तर उघडू नका. धमकी देणाऱ्याच्या हातातलं हत्यार तिथेच बोथट होतं.

'उद्या पोलीस घरी येतील' हेही ऐकवलं जातं. हप्ता चुकणं ही दिवाणी बाब आहे, त्यासाठी अटक होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'वॉरंट'च्या फोटोला घाबरू नका. पण एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवून चालणार नाही: दिलेला चेक, किंवा खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी, शिल्लक नसल्यानं परत गेली तर त्यावर फौजदारी खटला भरता येतो. त्यामुळे कोर्टाची खरी नोटीस आली तर फेकून देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथे मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.

आणि कर्ज अ‍ॅपचं नसून गल्लीतल्या माणसाचं असेल तर? महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची.

राहिला आपल्या घरचा प्रश्न. व्याज हराम आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणूनच व्याजात अडकलेला माणूस दुप्पट लाजतो आणि गप्प बसतो. पण सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितलेत त्यांत कर्जात बुडालेलाही आहे, हे जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकलंत? रमजानमध्ये इफ्तारच्या दावतीला चंदा पटकन जमतो. कर्जदार मस्जिद कमिटीकडे आला की आधी चौकशी सुरू होते की पैसे घेतलेच का. कमिट्यांना एक सुचवावंसं वाटतं: रोख देण्यापेक्षा त्या माणसाला विचारून, कंपनीशी रक्कम लेखी ठरवून, त्याच्या वतीनं थेट कर्ज खात्यात भरा. दंड कमी करून घ्यायला जमातीतला एखादा वकील किंवा बँकेत काम करणारा माणूस सोबत दिला तर अजून चांगलं. नाव मात्र कमिटीच्या दोन माणसांपलीकडे जाऊ नये.

घरातलं कुणी अचानक गप्प झालं असेल, फोन उलटा ठेवत असेल, नंबर बघून घाबरत असेल, तर रागावू नका, जवळ बसून विचारा. जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.